पहिलीच सबील लावताय? एवढं सांभाळा

सलाम भाई. मोहर्रममध्ये नाक्यावर सबील, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी फुकट पाण्याची पाणपोई, लावताय असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून फार बरं वाटलं. सरबत, दूध, रोषणाई यंदा राहू द्या. साधं, स्वच्छ, गार पाणी द्या. हिजरी ६१ मध्ये (इ. स. ६८०) इराकमधल्या करबलाला फुरात (युफ्रेटिस) नदी जवळ वाहत असताना पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यांच्या काफिल्याचं पाणी तोडलं होतं. त्या तहानेची ही आठवण आहे, म्हणून आपल्या पिंपातलं पाणी पिऊन कुणी आजारी पडता कामा नये.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक बर्फाची. मासळी टिकवायचा बर्फ स्वस्त मिळतो, तो पाण्यात कधीच टाकू नका. त्यापेक्षा मातीचे माठ घ्या. दुसरा गैरसमज तुरटीचा. तुरटीने गाळ खाली बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा, नाहीतर पाणी उकळून गार करा.

आणखी थोडं:
- पिंपाला झाकण आणि तोटी हवीच. आत ग्लास बुडवू देऊ नका.
- ग्लास स्टीलचे घ्या, धुवायला एक माणूस कायम ठेवा. प्लास्टिकचे पेले शेवटी गटारात जातात.
- सांडपाण्याला वाट काढा, चिखलात म्हातारी माणसं घसरतात.

पाणी द्यायला पोरांना उभं करा. हमाल, रिक्षावाले, शाळेची मुलं, सगळे येतील. कोण कुठला, विचारू नका. दुपारी बारा ते चार पिंप रिकामं पडू देऊ नका.

फिल्टर आणि कायमची पाणपोई, हे आशुऱ्यानंतर (मोहर्रमच्या दहाव्या दिवसानंतर) निवांत बोलू.