पोऱ्या मस्कतला गेला, मग तो कोण झाला?

प्रश्न : माझा धाकटा मुलगा दोन वर्षांपासून मस्कतला नोकरीला आहे. भाची अमेरिकेत ग्रीन कार्डावर आहे. गल्लीत दोघांनाही ‘एनआरआय’ म्हणतात. भिशीत एक जण म्हणाली, परदेशी गेलेले सगळे निर्वासितच. मी शेजारच्या सिंधी आजींना सहज विचारलं, ‘तुम्ही निर्वासित ना?’ तर त्यांचा चेहराच उतरला. माझं काय चुकलं? — एक वाचक, जळगाव

उत्तर : ताई, आधी आजींचं बोलू.

मी बँकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक वयस्कर सिंधी कापडवाले खातं उघडायला आले. जन्मगाव सिंधमधलं सक्कर, आता पाकिस्तानात. मी फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने ‘निर्वासित’ लिहिलं. त्यांनी चष्मा चढवला, माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं, तो शब्द सावकाश पुसला आणि कागदावरचा चुरा हाताने झाडून फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला. बोलले काहीच नाहीत. आज चाळीस वर्षं झाली, तो चुरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या समाजगटातलं असणं किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी रास्त भीती असल्याने जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. ही १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्या. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, तरी १९५९पासून तिबेटींना इथे आसरा आहे. अर्ज केलाय पण निकाल लागायचाय, तो अजून आश्रय मागणारा. फाळणीत आलेल्यांसाठी तेव्हा हा शब्द सर्रास वापरात होता. पण राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय केली. आजी तुमच्या-माझ्याइतक्याच इथल्या आहेत. निर्वासितपण ही त्यांच्या आयुष्यातली एक वेळ होती, ती त्यांची जात नव्हे.

आपल्याकडे ‘विस्थापित’ही त्यात मिसळतात. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा, अक्राणी तालुक्यांतली घरं गेली, ते विस्थापित. त्यांनी देश सोडला नाही, देशातच त्यांचं गाव गेलं.

आता मुलाचं. तो कामासाठी गेला आणि मनात आलं तर येत्या दिवाळीला घरी येऊ शकतो. त्यामुळे निर्वासित तर नाहीच. १९८३च्या उत्प्रवास कायद्याने तो इथून नोकरीसाठी बाहेर गेलेला, म्हणजे उत्प्रवासी. तिथे जाऊन कायमचा स्थायिक झाला असता, तर त्या देशाच्या लेखी आप्रवासी ठरला असता. उंबरठा एकच, आतून पाहिलं तर गेला, बाहेरून पाहिलं तर आला. मुलगा मात्र तिथे कामाच्या व्हिसावर आहे, म्हणून मी त्याला सरळ ‘नोकरीनिमित्त परदेशी’ म्हणेन.

एनआरआय म्हणजे अनिवासी भारतीय. यात ‘भारतीय’ हा शब्द महत्त्वाचा. नागरिकत्व आपलंच, फक्त राहणं बाहेर. भाचीही ग्रीन कार्डावर भारतीयच आहे, पासपोर्ट आपलाच. उद्या तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, तर भारताचं आपोआप संपेल. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड, काढता येईल, पण त्यावर इथे मतदान करता येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण यात पुष्कळ आईवडील अडकतात. प्राप्तिकरवाले अनिवासी ठरवायला दिवस मोजतात, साधारण १८२चा हिशोब. परकीय चलनाच्या कायद्याला मात्र नोकरीसाठी देश सोडणं पुरेसं आहे. म्हणून मुलाचं इथलं साधं बचत खातं तसंच चालू असेल, तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं, करून घ्या. त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स लागेल.

शेती असेल तर हेही ध्यानात ठेवा. अनिवासी असताना त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाने आलेली मात्र त्याची होते. आणि मतदार यादीत ६अ फॉर्म भरून त्याचं नाव राहू शकतं. मत द्यायला मात्र त्याला स्वतः जळगावला यावं लागेल.