मुलांसोबत नाताळच्या कुकीज सजवायच्या आहेत. कोणतं आयसिंग वापरू आणि पसारा कसा आवरू?

तुमची मुलं चार आणि सात वर्षांची, यंदापासून दर नाताळात घरी कुकीज सजवायची प्रथा पाडायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी सहज विचारलंय, "त्यांनी बिघडवलेल्या नंतर मी गुपचूप नीट केल्या तर चालेल ना?" त्या एका ओळीसाठी मी लिहायला बसलेय. अजिबात चालणार नाही.

मी आठ वर्षांची असताना झाडाच्या आकाराची एक कुकी सगळी निळी रंगवली होती. ते रात्रीचं झाड होतं. रात्री झाडं हिरवी दिसत नाहीत, हे मी मुद्दाम खिडकीशी जाऊन बघून आले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. सकाळी ताटात बघते तर निळं झाड कुठेच नाही. सगळी हिरवी, पांढऱ्या काठाची, एकसारखी. त्यातलं माझं मी तरीही ओळखलं. शेंड्याचा टवका उडाला होता आणि पांढऱ्या काठातून निळसर डाग वर आला होता. आईने रात्री सुरीने माझा रंग खरवडून काढला होता. रॉयल आयसिंग, म्हणजे पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग, वाळून कडक झालं की खरवडताना कुकीचा पापुद्राही निघतो, आणि मुरलेला गडद रंग वरच्या ओल्या थरात उतरतो. हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं, की माझं झाड पाहुण्यांना दाखवण्यासारखं नव्हतं. पुढच्या वर्षी मी प्रत्येक रंग आईला विचारून भरला. त्याच्या पुढच्या वर्षी अभ्यासाचं निमित्त काढून बसलेच नाही.

तर आयसिंग. सात वर्षांच्या मुलाला रॉयल द्या, अंड्याच्या कच्च्या पांढऱ्याऐवजी मेरिंग पावडर, म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्याची भुकटी, घालून. चमच्यातून सोडलेली धार दहा-पंधरा सेकंदांत सपाट झाली की ते भरायला बरोबर. आधी त्याच आयसिंगच्या जरा घट्ट भागाने कडेची रेघ मारा, मग आत भरा. दुसरा रंग चढवायचा तर पहिला काही तास वाळू द्या. चार वर्षांच्या मुलीला आयसिंग भरलेला कोन देऊ नका, मूठ आवळली की मागून सगळं हातावर येतं. तिला पिठीसाखर आणि थोडं दूध कालवून वाटीत द्या, चमच्याच्या पाठीने पसरू दे. कुकीज पूर्ण गार झालेल्या हव्यात, नाहीतर वरचं सगळं वितळून ओघळतं. पिठात बेकिंग पावडर घालू नका आणि कापलेले आकार भाजण्याआधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे झाडाचं झाड राहतं. पसारा होणारच. जुनी चादर अंथरा.

माझी ताई अजून म्हणते, "आईचं काय चुकलं? लोकांसमोर ठेवायचं होतं." हा वाद आमच्यात इतकी वर्षं चाललाय. माझं म्हणणं सरळ आहे. पाहुण्यांसाठी देखण्या कुकीज हव्यात ना, मग पंधरा वेगळ्या काढा आणि मोठ्यांनी सजवा. तेवढं करायला अर्धा तास पुरतो. मुलाच्या हातात दिलेली कुकी त्याची. ती वाकडी असेल, चॉकलेटी माशासारखी दिसेल, तिच्यावर सजावटीचा ढीग असेल, पण सकाळी ती जशी होती तशीच त्याला दिसली पाहिजे. त्याने स्वतःहून "मदत कर" म्हटलं तर जरूर करा, तेही तो शेजारी बसलेला असताना.

आई त्या दिवशी दमलेली होती, एकटीने सगळं करत होती, हेही खरं आहे. ती वाईट नव्हती.

आणि हो, कच्चं पीठ चाटू देऊ नका, अंडं नसलं तरी. कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात. धाकटीला ते कडक चंदेरी मणी देऊ नका, घशात अडकतात.

आमच्याकडे आता दोन डबे असतात. मुलांच्या डब्यातल्या प्रत्येक कुकीखाली कागदाचा तुकडा, त्यावर नाव आणि ते काय आहे ते. गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या कागदावर होतं, "झोपलेली घंटा". ताई आली तेव्हा मी आधी तोच डबा उघडला.