ट्रकच्या मागे मिळणारं अ‍ॅव्हरेज

प्रिय मित्रा,

मोठ्या ट्रकच्या मागे गाडी लावली की अ‍ॅव्हरेज वाढतं, असं तू आकड्यांसकट लिहिलंयस. तुझे आकडे खोटे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. 'असलं काही नसतं' म्हणून तुला उडवून लावणारे बरेच भेटतील. ते चूक आहेत हे तुला माहीत असल्यामुळे मग त्यांचं बाकीचंही तू ऐकणार नाहीस.

ट्रक हवा फोडत जातो. त्याची पाठ सपाट आणि चौकोनी असते, म्हणून त्याच्या मागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो. त्यात शिरलेल्या गाडीला समोरून हवेचा विरोध कमी होतो आणि इंजिनावरचा ताण हलका होतो. 2007 साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात हे मोजून पाहिलं होतं. ताशी 88 किलोमीटर वेगाला, ट्रकपासून 30 मीटरवर सुमारे 11 टक्के इंधन वाचलं आणि 3 मीटरवर 39 टक्के. गाडी आणखी पुढे, जेमतेम 60 सेंटिमीटरवर नेली तेव्हा मात्र बचत वाढायच्या ऐवजी 28 टक्क्यांच्या आसपास घसरली. इतक्या जवळ अंतर राखायचं तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सतत कमी-जास्त करावा लागतो, आणि वाचलेलं इंधन त्यातच जातं.

आता तो 3 मीटरचा आकडा वेळेत मांडून बघ. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर. 3 मीटर संपायला सेकंदाचा आठवा भागही लागत नाही. पुढे काहीतरी घडलं हे दिसणं, ते डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं, याला जागरूक माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी 25 ते 37 मीटर गेलेली असते, आणि ब्रेक अजून लागलेलाही नसतो. इथे तुझं ड्रायव्हिंग किती चांगलं आहे याचा प्रश्नच येत नाही, कारण ड्रायव्हिंग करायला वेळच उरत नाही.

यावर तुझं उत्तर मला माहीत आहे, पत्रात तू ते लिहिलंही आहेस: 'ट्रक जड असतो, त्याला थांबायला माझ्या दुप्पट जागा लागते, मी त्याच्या आधी थांबेन.' हिशेब करू. भरलेला ट्रक ताशी 90 वरून जोरात ब्रेक मारून अंदाजे 60 मीटरमध्ये थांबतो असं धर. तुझी गाडी ब्रेक लागल्यापासून 40 मीटरमध्ये थांबेल. त्यात तुझे ते 25 ते 37 मीटर मिळव. ब्रेक चांगले असल्याचा सगळा फायदा तिथेच संपला. आणि हा भरलेल्या ट्रकचा हिशेब झाला. रिकामा ट्रक याहून लवकर थांबतो. युरोपात 2015 पासून बहुतेक नव्या अवजड वाहनांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती ड्रायव्हरच्या पायाची वाट बघत नाही. शिवाय ट्रकचा ड्रायव्हर उतारावर अनेकदा पायाचा ब्रेक न वापरता एक्झॉस्ट ब्रेकने किंवा रिटार्डरने (चाकांचे ब्रेक न लावता वेग कमी करणाऱ्या वेगळ्या यंत्रणांनी) वेग कमी करतो, आणि काही गाड्यांत त्या वेळी मागचा लाल दिवा लागतच नाही. तू ज्या दिव्यावर नजर ठेवून बसलायस, तो दर वेळी सांगेलच असं नाही. ट्रक स्वतःच पुढे कशावर आदळला तर तो ब्रेक मारून थांबत नाही, जागच्या जागी थांबतो. मग वरचा सगळा हिशेब बाद.

खरं सांगू, मला या अचानक ब्रेकपेक्षाही जास्त भीती वाटते ती ट्रकने ब्रेक न मारता बाजूला होण्याची.

पुढे एखादी बंद पडलेली गाडी उभी आहे. ट्रकच्या ड्रायव्हरची सीट उंच, त्याला ती लांबूनच दिसली. घाई न करता त्याने स्टिअरिंग वळवलं आणि लेन बदलली. त्याच्या दृष्टीने विशेष काहीच घडलं नाही. तुझ्यासमोर मात्र इतका वेळ ट्रकचा हौदा, मडफ्लॅप आणि नंबरप्लेट होती, तो पडदा बाजूला सरकतो आणि उभी गाडी समोर. तू तिच्याकडे पूर्ण वेगाने चालला आहेस, कारण वेग कमी करायचं कारणच तुला कुणी दिलेलं नव्हतं. रस्त्यावर पडलेल्या वस्तूंचंही तेच. फुटलेल्या रिमोल्ड टायरचा वळलेला, तारा बाहेर आलेला तुकडा ट्रकच्या दोन चाकांच्या मधून आरामात जातो, ट्रक उंच असतो ना. खड्डाही तो चाकांमध्ये घेतो. तुला ती गोष्ट ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलखालून बाहेर येताना पहिल्यांदा दिसते, आणि त्या क्षणी ती तुझ्या बंपरपासून चार-पाच मीटरवर असते. जोडचाकांत अडकलेला दगड सुटला तर तो सरळ काचेवर येतो. म्हणजे ट्रकच्या मागे वारा कमी लागतो तसा रस्ताही कमी दिसतो, आणि या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब तुझ्या आकड्यांत कुठेच नाही.

धडक झालीच तर काय होतं, हे लिहायला मला आवडत नाही. पण लिहितो. समोरासमोरच्या धडकेत कारचा बोनेटचा भाग चुरगळतो, धक्का शोषतो, एअरबॅग उघडते. सगळी रचना त्या हिशेबाने केलेली असते. ट्रकचा हौदा मात्र बोनेटच्या वर असतो. गाडी त्याच्याखाली शिरते, बोनेट कशालाही न लागता आत जातं आणि पहिला आघात पुढच्या काचेवर, म्हणजे डोक्याच्या उंचीवर होतो. अमेरिकन अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड 29 जून 1967 च्या पहाटे अशीच गेली. डास मारायच्या धुराने पुढचं दिसेनासं झालं होतं, ट्रकने वेग कमी केला आणि तिची गाडी मागून त्याच्याखाली घुसली. पुढच्या सीटवरचे तिघंही गेले, मागे बसलेली मुलं वाचली. ट्रेलरच्या मागे आडवा लोखंडी बार असतो, त्याला तिथे आजही तिच्याच नावाने ओळखतात. 1998 पासून तिथल्या नव्या ट्रेलरना हा बार जमिनीपासून 56 सेंटिमीटरपेक्षा वर ठेवता येत नाही आणि तो ठरावीक धक्का सोसणारा असावा लागतो. तरीही तो बार म्हणजे खात्री नव्हे. वेग जास्त असेल किंवा गाडी कोपऱ्यावर आदळली तर तो वाकतो. जुन्या, गंजलेल्या ट्रकवर तो कितपत टिकेल, हे मागून बघून तुलाच कळेल.

'पण कंपन्यासुद्धा ट्रकमागे ट्रक चालवतात' हाही मुद्दा तुझ्या पत्रात आहे. चालवतात. 2016 मध्ये युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून असे ताफे रॉटरडॅमला गेले होते. पण त्यातले ट्रक वायरलेसने एकमेकांशी जोडलेले होते. पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याला तो निरोप त्याच क्षणी पोचायचा, मधला माणसाचा एक-दीड सेकंद काढून टाकलेला. तुझ्या पुढच्या ट्रकला तू मागे आहेस हेही माहीत नसतं. त्याचे दोन्ही आरसे तुला दिसत नसतील तर त्यालाही तू दिसत नाहीस, हे पक्कं धर. (बाइकवर असशील तर हे सगळं दुप्पट. त्या भोवऱ्यांत हँडल हलतं आणि अंगावर बोनेटसुद्धा नसतं.)

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे, इंधन. माझा संशय असा आहे की तुझं वाढलेलं अ‍ॅव्हरेज बरंचसं ट्रकच्या आडोशाचं नसून ट्रकच्या वेगाचं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. एरवी तू 100 ने जातोस, ट्रकमागे 80 ने. एवढ्यानेच हवेचा विरोध 36 टक्क्यांनी उतरतो. गाडीला मागे खेचणाऱ्या एकूण ओढीत (हवा, टायरचं घर्षण वगैरे मिळून) हवेचा वाटा निम्मा धरला तरी सुमारे 18 टक्के ओढ कमी झाली. त्या प्रयोगात 30 मीटरवर मिळालेल्या 11 टक्क्यांपेक्षा हे जास्तच, आणि यासाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही. वर 80 ला एकसारखं चालवणं, टायरची हवा बरोबर ठेवणं आणि कॅरियरवरचं नको ते सामान काढणं आहेच.

ट्रकच्या मागे राहायचंच असेल तर खुशाल राहा, पण तीन सेकंद मागे. रस्त्याकडेचा एखादा खांब ट्रकच्या पाठीने ओलांडला की मोजायला लाग. तीन सेकंदांच्या आत तू तिथे पोचलास तर जवळ आहेस. 80 च्या वेगाला हे साधारण 67 मीटर होतात. पाऊस, धुकं किंवा रात्र असेल तर याहून जास्त. मध्ये कुणीतरी घुसेल, ही तुझी तक्रार खरी आहे. घुसू दे. पाय थोडा सैल सोड आणि पुन्हा तीन सेकंद मागे हो. एका गाडीमागे तुझे दोन-तीन सेकंद जातात, बाकी काही जात नाही.

पुढच्या लांबच्या प्रवासात टाकी फुल करून निघ, सगळा रस्ता 80 ने आणि एकट्याने चाल, आणि परत टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज काढ. मग तुझ्या ट्रकमागच्या आकड्यांशेजारी तो आकडा लिहून मला पाठव.