सिंको दे मायो (म्हणजे 5 मे) हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन आहे का? नसेल तर अमेरिकेत एवढ्या जोरात का साजरा करतात?

नाही हो, स्वातंत्र्यदिन नाही. तो 16 सप्टेंबरला असतो. 1810 साली दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो नावाच्या पाद्रीबाबांनी चर्चची घंटा बडवून लोकांना स्पेनच्या राजवटीविरुद्ध उठावाला बोलावलं, त्याची आठवण म्हणून. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष मेक्सिको सिटीत राजवाड्याच्या बाल्कनीत येऊन घंटा वाजवतात, 'विवा मेहिको' अशी आरोळी देतात, आणि खाली चौकात पाय ठेवायला जागा नसते. देशभरातला मोठा सण तो.

5 मे ची गोष्ट त्यानंतर पन्नासेक वर्षांनी घडली. घरच्याच यादवीत मेक्सिकोचा खजिना पार रिकामा झाला होता, म्हणून 1861 मध्ये अध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी परदेशी कर्जाचे हप्ते दोन वर्षं थांबवले. झालं, स्पेन, ब्रिटन आणि फ्रान्स तिघंही वसुलीला आपापली जहाजं घेऊन मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदरात हजर! स्पेन आणि ब्रिटन बोलणी करून परत गेले, पण फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला पैशापेक्षा मेक्सिकोत आपला माणूस गादीवर बसवण्यात रस होता. त्याचा सेनापती लोरेन्से तर एवढा हवेत की लढाईच्या आधीच त्याने पॅरिसला कळवून टाकलं, आपण वंशाने आणि शिस्तीने इतके श्रेष्ठ आहोत की सहा हजार सैनिकांच्या जोरावर मी आत्ताच मेक्सिकोचा मालक आहे.

आणि मग 5 मे 1862 ला पुएब्ला शहराबाहेर त्याची जिरली. समोर मेक्सिकोचा सेनापती इग्नासिओ सारागोसा, वय 33, हाताशी फ्रेंचांपेक्षा कमी माणसं, त्यातही बरेच जण धड प्रशिक्षण नसलेले, काही तर डोंगरातले आदिवासी शेतकरी, हातात कोयते. लोरेन्सेने शहाणपणा सोडून थेट टेकडीवरच्या लोरेतो आणि ग्वादालूपे या दोन किल्ल्यांवर चढाई केली, तीनदा मार खाल्ला, वर दुपारी धो धो पाऊस येऊन चढ निसरडा झाला, शेवटी माघार. शेकडो फ्रेंच पडले.

आता खरी मेख. या विजयाने युद्ध जिंकलं नव्हतं! सारागोसा त्याच सप्टेंबरमध्ये टायफॉइडने गेला, पुढच्या वर्षी फ्रेंच जादा फौज घेऊन आले, दोन महिने वेढा घालून पुएब्ला घेतलं, नंतर राजधानीही घेतली, आणि 1864 ला ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन सम्राट म्हणून आणून बसवला. त्याला गोळ्या घातल्या 1867 मध्ये, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. म्हणून मेक्सिकोत आज 5 मे ला पुएब्लात मोठी परेड निघते, राजधानीतल्या पेन्योन दे लोस बान्योस वस्तीत लढाईचं नाट्य करतात, शाळांना सुट्टी असते, पण बाकी बहुतेकांचं ऑफिस चालू.

मग अमेरिकेत एवढं का? 'बियर कंपन्यांनी काढलेला सण' असं सर्रास सांगतात, मला ते अर्धवट वाटतं. 1862 मध्ये अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटलेली होती आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं अजून हरलेली नव्हती. कॅलिफोर्नियातले मेक्सिकन लोक उत्तरेच्या बाजूचे, मेक्सिकोने तर 1829 लाच गुलामगिरी बंद केलेली. तिकडे दक्षिणवाले नमत नाहीयेत, इकडे दक्षिणेकडे कल असलेला नेपोलियन मेक्सिको गिळायला निघालाय, आणि अशात बातमी आली की पुएब्लात फ्रेंच हरले! कॅलिफोर्नियातल्या कोलंबिया नावाच्या खाणवस्तीत मेक्सिकन खाणकामगारांनी बंदुकीचे बार उडवले, गाणी म्हटली, भाषणं ठोकली. पुढे गावोगावी समित्या झाल्या, मेक्सिकोला पैसे पाठवायला लागल्या, आणि दरवर्षी हा दिवस पाळायला लागल्या. त्यामुळे मी तरी याला अमेरिकेतल्या मेक्सिकनांचा सण म्हणेन. 1960 च्या दशकात तिथल्या चिकानो चळवळीतल्या (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची हक्कांची चळवळ) पोरांनी तो पुन्हा उचलून धरला, कारण स्वतःला श्रेष्ठ समजणाऱ्यांना आदिवासी आणि मिश्र रक्ताच्या माणसांनी हरवलं ही गोष्ट त्यांना अगदी आपली वाटली.

बियरवाले आले 1980 च्या सुमारास, जाहिरातींवर पैसा ओतला आणि सगळ्या देशाला पार्टीचं निमित्त मिळालं. तुम्ही तिकडे असाल आणि ऑफिसात टाको ठेवले असतील तर खुशाल खा, फक्त ते नकली मिशा लावून सोंब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी) घालायचं टाळा, बऱ्याच मेक्सिकन लोकांच्या ते डोक्यात जातं.