घाटात तापणारी जुनी पिकअप

प्रश्न : माझी १४ वर्षांची डिझेल पिकअप आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढताना तापते. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी वरचेवर घालावे लागते. घरच्या घरी काय तपासता येईल?
– एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : पाणी वरचेवर घालावे लागते, म्हणजे ते कुठेतरी जात आहे, आणि हीच खरी खूण आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण काढा. गरम असताना ते उघडल्यास दाबाखालचे पाणी उसळून चेहरा भाजतो. झाकणाच्या आतले रबर कडक झाले किंवा चिरले असेल, तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. अशा वेळी झाकण बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. मग रेडिएटर आणि इंजिन जोडणारे रबरी होजपाइप बोटांनी दाबून पाहा, कारण चिरा बहुधा क्लिपजवळ पडतात. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली लाल धूळ आणि किडे पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवा. जोरदार धारेने नाजूक पत्रे वाकतात. विहिरीच्या पाण्यात गंजरोधक काही नसते, म्हणून ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट (गंजरोधक असलेले इंजिन थंड ठेवणारे द्रव) समप्रमाणात भरा. फॅनबेल्टचा ताण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा.

मात्र डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर हेड गॅस्केट (इंजिनात पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारी सील) गेल्याची शंका घ्या, गाडी चालवू नका आणि मेकॅनिकलाच घरी बोलवा.