आचारी, आचार्य आणि ‘हा आमचा दोष नाही’

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका मी एका मुक्त स्रोत (ओपन सोर्स) लेखन-सॉफ्टवेअरमध्ये केली. ‘आचाऱ्यांचे आभार’ लिहायचं होतं, छापून आलं ‘आचार्यांचे’. मुख्याध्यापक खूश, स्वयंपाकघर नाराज! मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे रीतसर तक्रार नोंदवली. त्यातच शुद्धलेखन तपासणी कच्ची आहे, मेनूतलं मराठी बोजड आहे, हेही लिहिलं आणि आमच्या संगणक-कक्षात हे कोणी बसवून देईल का, असंही विचारलं. दोन दिवसांत शेरा आला, ‘आमचा दोष नाही, शिवाय विषयाला सोडून’, आणि तक्रार बंद. त्यांच्या विषयात मराठी बसत नाही का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, मराठी बसते. एका अर्जात चार खात्यांची कामं बसत नाहीत. मीही सुरुवातीला सात मुद्द्यांचं लांबलचक पत्र अशाच एका सॉफ्टवेअर प्रकल्पाला पाठवलं होतं. उत्तर आलं, ‘यातला नेमका कोणता?’ आठवडाभर फुगून बसले होते मी.

आधी तुमचे आचारी. ‘ऱ्या’तल्या त्या आडव्या र ला संगणकवाले ‘आयलॅश र’ म्हणतात, म्हणजे पापणीसारखा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, तो मिळवायला साधा र नाही, टिंबाचा ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर रफारच येणार, आणि तो बरोबरच आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ शिफ्ट-जे वर आहे. तो एकटा टाइप करून बघा, खाली टिंब दिसलं पाहिजे. मला दाट शंका आहे की घोटाळा इथेच आहे. तसं असेल तर शेऱ्याचा पहिला अर्धा भाग खरा, फक्त तुसडेपणाने सांगितलेला.

टिंबाचा ऱ घेऊनही रफारच आला, तर फॉन्ट बदला. एकाच फॉन्टमध्ये बिघडत असेल तर तक्रार तो फॉन्ट करणाऱ्यांकडे. तोच मजकूर, त्याच फॉन्टमध्ये, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसला, तर मात्र तुमची तक्रार त्यांच्याच दारातली. मग ती हक्काने पुन्हा उघडायला सांगा.

शुद्धलेखनाचा शब्दकोश बहुतेक वेळा वेगळी मंडळी सांभाळतात, मेनूचं मराठी भाषांतर गट. बोजड शब्दांची तक्रार करण्यापेक्षा तिथे जाऊन चार शब्द स्वतःच सुचवा, मराठीला हात नेहमीच कमी पडतात. संगणक-कक्षाचं मात्र खरंच विषयाबाहेरचं; ते वापरकर्त्यांच्या गटात विचारा.

विषयाबाहेरचं म्हणजे टाकाऊ, असं मात्र नाही हं. लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या संगणकप्रणालीची, म्हणजे पुढच्या लिनक्सची, बातमी दिली ती मिनिक्स नावाच्या वेगळ्याच प्रणालीच्या चर्चागटात, म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते टॅनेनबॉम यांनी तिथेच ‘लिनक्स कालबाह्य आहे’ असं ठणकावलं, जोरदार वाद झाला आणि त्याच वर्षी लिनक्सवाल्यांनी चर्चेसाठी वेगळं बिऱ्हाड केलं. (बिऱ्हाडातही तोच र आहे, बघा.)

नव्या तक्रारीत एकच दोष लिहा: काय टाइप केलं, कुठल्या फॉन्टमध्ये, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. पडद्याचं चित्र जोडा. आणि आचारी-आचार्यांचा किस्सा जरूर घाला. एका र ने माणूस बदलतो, हे मराठी न येणाऱ्याला दुसऱ्या कशानेही इतक्या चटकन कळणार नाही.