गोळी चालेनाशी झाली, मग परत बायोप्सी कशाला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ६१ वर्षांच्या, कधी तंबाखूला हात लावलेला नाही. फुफ्फुसाचा अडेनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर), चौथी स्टेज, ईजीएफआर जनुकात एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला. वर्षभर गेफिटिनिब या ईजीएफआर रोखणाऱ्या गोळीवर सिंहगड रोडवरून रोज फिरायला जात होत्या, आता पेट स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसतेय. डॉक्टर परत बायोप्सी सांगतायत. काका म्हणतात, सुई लावली की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा सरळ ती महागातली गोळी सुरू करा.

काकांचं आधी उरकते. सुईच्या वाटेने पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी विरळा. आणि चौथ्या स्टेजला आजार आधीच फुफ्फुसाबाहेर गेलेला असतो. खरी जोखीम आहे ती फुफ्फुसाभोवती हवा साठण्याची. बहुतेकदा ती आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. डॉक्टरांना विचारायचं तर हे विचारा.

आता मुख्य मुद्दा. ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. बाहेरून निरोप आला की ते आत ‘वाढ’ असा संदेश पाठवतं. डिलीशनमुळे ते निरोपाची वाटच बघत नाही, संदेश चालूच राहतो. हा संदेश पाठवायला त्याला एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) लागतो आणि एटीपी बसतो त्याच खाचेत गेफिटिनिब जाऊन बसतं. पण ते पीएमटी बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. कोणी दांडगा आला की रुमाल बाजूला. टी७९०एम हा ईजीएफआरमधला आणखी एक बदल नेमकं हेच करतो: प्रथिनाच्या साखळीत ७९० व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन येतं, एटीपीची पकड वाढते आणि गोळी मागे पडते. ओसिमर्टिनिब (काकांची ‘महागातली गोळी’) ७९७ व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी रासायनिक बंध करून बसतं, त्याला हलवणं अवघड.

मग तीच का नाही लगेच? कारण गेफिटिनिबनंतर टी७९०एम सापडतो तो साधारण निम्म्या रुग्णांत. उरलेल्यांत काहींच्या पेशी मेट नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या प्रती वाढवून आडवाट काढतात. आणि थोड्यांमध्ये (हे ऐकून घरचे नेहमी चक्रावतात) आजाराची जातच बदलते. अडेनोकार्सिनोमाचा स्मॉल सेल हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा वेगळाच प्रकार होतो. जनुकात जुनं डिलीशन तसंच असतं, पण ईजीएफआरच्या गोळीने आता भागत नाही, स्मॉल सेलची केमो द्यावी लागते. हे रक्ताच्या तपासणीत कळत नाही, पेशी मायक्रोस्कोपखालीच बघाव्या लागतात. मी लॅबमध्ये ब्लॉकमधून (मेणात, म्हणजे पॅराफिनमध्ये, बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्यातून) डीएनए काढायचं काम करते, आणि माझ्या मते परत सुई लावायला हे एक कारण पुरेसं आहे.

तरी रक्ताची तपासणी आधी करायला हरकत नाही, कित्येक ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) तसंच करतात. मरणाऱ्या गाठीतल्या पेशींचा डीएनए रक्तात उतरतो, त्यात टी७९०एम मिळाला तर ओसिमर्टिनिब सुरू करता येतं. नाही मिळाला तर मात्र ‘नाही’ असं धरू नका. ज्यांच्या गाठीत तो असतो त्यांतल्या दहापैकी साधारण तिघांच्या रक्तात तो हाती लागत नाही.

छातीत पाणी झालं असेल तर ते काढून त्यातल्या पेशींचा तसाच ब्लॉक (सेल ब्लॉक) करता येतो का, विचारा. कधी कधी सुई टळते. हाडातून तुकडा घेणार असतील तर कॅल्शियम काढायला तीव्र आम्ल वापरू नका, ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा, असं आधीच सांगून ठेवा. आम्लात डीएनएचा चुरा होतो आणि मग आमच्याकडे ‘सॅम्पल अपुरं’ असा रिपोर्ट निघतो, सगळ्यांचाच हिरमोड. पहिल्या बायोप्सीचा ब्लॉकही हॉस्पिटलमधून मागून घ्या. आणि तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका! पॅराफिन साठ अंशांच्या आतबाहेर वितळतं, आणि एप्रिलमध्ये पुण्यात उन्हात उभ्या गाडीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आई एक दिवस गोळी विसरल्या म्हणून हे झालं का, असंही तुम्ही विचारलंत. नाही. गोळीला न जुमानणाऱ्या काही पेशी पहिल्यापासून मूठभर असतात किंवा औषधाखाली तग धरलेल्यांतून पुढे तयार होतात. गेफिटिनिबवर सरासरी दहा महिन्यांच्या आसपास आजार आटोक्यात राहतो, त्या मानाने आईंना बरं मिळालं. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगा, आम्लता कमी झाली की गेफिटिनिब नीट शोषलं जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झालंय, पण ते अजूनही स्वस्त नाही. कंपनीच्या सवलत योजनेचा अर्ज डॉक्टरांकडूनच जातो, त्यासाठी म्युटेशनचा (जनुकातल्या बदलाचा) रिपोर्ट लागतो. कुरियरने बिनबिलाची येणारी गोळ्यांची पाकिटं घेऊ नका. आणि बायोप्सीची तारीख येईपर्यंत गेफिटिनिब मनाने बंद करू नका. काहींना ती अचानक थांबवल्यावर आजार एकदम उसळतो, म्हणून कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.